गाडी दारात, वायर लावलेली

...घेतली की! कोण म्हणतं नाही घेतली? गाडी घेतली, विजेची घेतली, पांढरी घेतली, दारात उभी आहे, जाता जाता हात लावून बघा हवं तर, हल्ली ती हात लावण्यापुरतीच उरलीय. लोक भेटतात, विचारतात, "मग काय, कुठे कुठे फिरलात?" कुठे फिरणार? तुम्हाला सांगतो, दोन वर्षांत त्या गाडीने जेवढं अंतर कापलं ना, त्याच्या दुप्पट मी चपला घालून कापलंय. मी सकाळी दुकानात निघतो तेव्हा तिचं भरणं सुरू होतं, मी संध्याकाळी परत येतो तेव्हा तिचं रिकामं होणं सुरू होतं, आणि यातलं काहीही चालू असलं तरी दृश्य एकच. गाडी दारात. वायर लावलेली.

आता ही रिकामी होण्याची काय भानगड, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल, हा माणूस उगाच रडतोय. उगाच नाही रडत मी. कारण असल्याशिवाय मी रडत नाही, आणि कारणं मला भरपूर आहेत.

गाडी घेऊन आठवडा झाला नव्हता, वीज कंपनीचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात चकचकीत कागद, आवाज असा गोड की वाटावं, हा आता आपल्याला दत्तक घेणार. म्हणाला, "सर, आपली गाडी दिवसातले बावीस तास नुसती उभी असते." म्हटलं, मीपण असतो, माझ्यासाठी काही योजना आहे का? हसला नाही. म्हणाला, "सर, दुपारी उन्हाची वीज एवढी तयार होते की घ्यायला कुणी नसतं. आणि संध्याकाळी ऊन गेलं रे गेलं की सगळं गाव एकदम दिवे लावतं, पंखे लावतं, शेगड्या पेटवतं. तेव्हा पुरत नाही. मग दुपारची वीज आम्ही आपल्या गाडीत ठेवू, संध्याकाळी थोडी काढून घेऊ, आणि पहाटेपर्यंत परत भरून देऊ. अशा हजारो गाड्या जोडल्या की गाव अंधारात जाणार नाही." म्हणजे कसं, माझ्या घरात तुमची कोठी. वर चावी तुमच्याकडे. आमच्या शेजाऱ्यांनी हे कुंपणापलीकडून ऐकलं. त्यांना गल्लीत सगळे धूरवाले म्हणतात, कारण त्यांची वीस वर्षांची पेट्रोल गाडी सुरू झाली की अर्धी गल्ली खोकते. ते म्हणाले, "म्हणजे दुभती गाडी घेतलीत तुम्ही! दिवसा चारा घाला, संध्याकाळी धार काढा."

मी त्या माणसाला नाही म्हणणार होतो. आईशपथ, नाही हा शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "सही कर."

अण्णा. माझे वडील.

अण्णांचं सांगायला हवं. छत्तीस वर्षं सबस्टेशनात ऑपरेटर. तिथून गावाला चार फीडर जायचे. फीडर म्हणजे एकेका भागाला वीज नेणारी लाइन. वीज कमी पडली की वरून फोन यायचा, "एवढा लोड कमी करा," आणि अण्णांनी ठरवायचं, कुणाला अंधारात घालायचं. आता तुम्ही असता तर काय केलं असतं? आपलं घर सोडून बाकीचे तीन बघितले असते ना? सरळ हिशेब आहे. जगात सगळे तेच करतात. आमच्या अण्णांचा नियम काय? आधी आपला. पहिला फोन आला की पहिला फीडर आमचा. का, तर दुसऱ्याचा दिवा घालवायचा असेल तर आधी स्वतःच्या घरात अंधार हवा, नाहीतर हाताला ते बटन दाबायचा अधिकार नाही म्हणे. मी लहानपणी मेणबत्तीवर अभ्यास केला तो गरिबीमुळे नाही, वडिलांच्या तत्त्वामुळे केला. दिवे गेले की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "पोचले वाटतं कामावर." आम्हाला फोन नव्हता, पण वडील सुखरूप पोचल्याचं कळायचं ते असं. एखाद्या दिवशी दिवे नाही गेले तर ती बिचारी काळजी करायची.

तर अण्णा म्हणाले सही कर, मी सही केली. बापापुढे कोणाचं चाललंय? कंपनीने दाराशेजारी भिंतीवर एक पेटी बसवली. पेटीला मूठ. डावीकडे फिरवली की गाडी भरते, उजवीकडे फिरवली की गाडी देते, मध्ये ठेवली की कंपनी ठरवते. अण्णांनी ती मूठ दोन वेळा डावी-उजवी करून बघितली आणि तुम्हाला सांगतो, आई गेल्यानंतर पहिल्यांदा त्या माणसाचा चेहरा उजळला. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, रोज संध्याकाळी नुसते खुर्चीत बसायचे, बोलावं तर हं म्हणायचे. त्या दिवसापासून संध्याकाळी सहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून दारात खुर्ची. ड्यूटी. आतून बायको हाक मारायची, "अहो अण्णा, चहा घेताय ना?" हे म्हणायचे, "थांब जरा, आता लोड चढतोय." आणि मग पेटीतून गुणगुण सुरू झाली की जाहीर करायचे, "एकोणीस वाजले. घेतायत." एकोणीस! आमच्या घरात संध्याकाळी सात कधी वाजलेच नाहीत त्यानंतर.

मला राग यायचा हो. पण त्यांचा चेहरा बघितला की गिळायचो. म्हटलं असू दे. म्हातारा माणूस खूश आहे ना? गाडी दारात. वायर लावलेली. असू दे.

पण अण्णा हल्ली पेटीकडे बघत नाहीत, हाताने चाचपतात, हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले. सहा महिने! आणि मी काम काय करतो माहितेय? चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. सव्वीस वर्षं. लोकांचे नंबर मला पाठ आहेत, रस्त्यात माणूस दिसला की नाव आठवत नाही, नंबर आठवतो. आणि घरात माझा बाप दाराच्या चौकटीला खांदा आपटतोय, बाजूला ठेवलेला पेला सांडतोय, आणि मी म्हणतोय, अण्णा जरा बघून! काय बघून? बाजूचं त्यांना दिसतच नव्हतं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलंय ते परत येत नाही. आहे ते वाचवायचं. उजव्या डोळ्याचं प्रेशर फार आहे, लवकर ऑपरेशन करा." लवकर म्हणजे? तर मोठा सर्जन शहरातल्या हॉस्पिटलात महिन्यातून एकदा येतो, सकाळी नऊ ते एक, तेवढ्यात ज्याची वर्णी लागली त्याची लागली. आमची लागली. मला वाटलं, नशीब उघडलं. मला असं वाटलं की समजायचं काहीतरी बंद होणार आहे.

हॉस्पिटल एकशे साठ किलोमीटर. आता म्हणाल, मग गाडी आहे ना. हो, आहे ना! मीही तेच म्हटलं. या दिवसासाठीच तर गाडी. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला मी स्वतः, या हातांनी, मूठ डावीकडे फिरवली. भर बाई. आज दूध नाही, आज पोट भर. अण्णा खुर्चीत बसले होते. दिवस कसला होता सांगू, आठवडाभर नुसती आग ओतत होती, झाडावरचे पक्षी तोंड उघडे टाकून बसायचे, घराघरात कूलर, एसी, जे असेल ते घरघरत होतं.

आणि इथे माझी चूक झाली. ऐका. माझी.

अण्णांना वाचता येईनासं झाल्यापासून रोज जेवताना कंपनीचा मेसेज मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचो. सवयच ती. आणि नुसता वाचायचो नाही, मला कोण सोस नक्कल करायचा! बातम्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजात वाचायचो, बायको हसायची, अण्णाही जरा ओठ हलवायचे. त्या दिवशीही वाचला. असा आवाज काढून. "प्रिय सहभागी. वीजपुरवठ्यावर आज अभूतपूर्व ताण आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या गाडीची मूठ देण्याकडे ठेवावी, व सकाळपर्यंत भरू नये. सक्ती नाही." सगळे हसलो. बायको हसली, मी हसलो. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "सक्ती नाही असं लिहिलंय?" म्हटलं हो. म्हणाले, "सक्ती नसते तेव्हाच माणूस कळतो." मी म्हटलं, बरं, झोपा आता, पहाटे पाचला निघायचंय.

पहाटे पाच. पिशवीत फाइल, रिपोर्ट, अण्णांचा टॉवेल. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसले. मी बटन दाबलं. पडद्यावर आकडा आला. आठ. मला वाटलं पुढचा आकडा यायचा असेल, ऐंशी असेल, अठ्ठ्याऐंशी असेल. थांबलो. आठच. आठ टक्के. खाली उतरलो, पेटी बघितली, मूठ उजवीकडे.

"अण्णा, ही मूठ कोणी फिरवली?"

"मी."

"का पण?"

"तूच वाचून दाखवलंस."

"अहो, तुमचं ऑपरेशन आहे आज!"

"माहितेय मला. म्हणून तर. हॉस्पिटलला वीज लागते ना?"

आता यावर काय बोलायचं? तुम्ही सांगा. एवढे शहाणे लोक बसला आहात, एकाने तरी सांगा. या प्रश्नाला उत्तर नाही, मी वर्षभर शोधतोय.

आठ टक्क्यांवर अठरा किलोमीटर गेलो. पंखा बंद, काचा बंद, चढ आला की मी श्वास रोखून धरायचो, जणू माझं वजन कमी होणार. रस्त्यात एक चार्जिंगची जागा आहे, तिथे पोचलो तर काय, रांग! पहाटे पावणेसहाला तीस गाड्या. आणि पाटी, "ताणामुळे आज चार्जिंग सावकाश होईल." पुढच्या गाडीवाल्याला विचारलं, काय हो, एवढी गर्दी कशी? तो म्हणाला, "काल रात्री दिली ना आपण!" त्याच्या पुढच्याने दिली. त्याच्याही पुढचीने दिली. सगळे दाते! सगळे धर्मात्मे एका रांगेत, एकाच्याही गाडीत जीव नाही. आणि आमचे अण्णा खाली उतरले, चाचपडत, एकेका गाडीच्या काचेवर टकटक करत गेले. "तुम्हीपण दिलीत? शाबास. किती दिलीत? सगळी? वा." लोक त्यांना हात जोडत होते. मी गाडीत बसून हात चोळत होतो.

टॅक्सीला फोन लावला. म्हटलं, ताबडतोब या, हॉस्पिटलला जायचंय. तो म्हणाला, "आलो असतो साहेब, पण मी चार्जिंगच्या रांगेत आहे." म्हटलं, कुठे? म्हणाला, "तुमच्या मागे पाचवा." वळून बघितलं, हात हलवत होता. इतर दोघांना फोन केले, एक लग्नाच्या भाड्याला, दुसऱ्याने उचलला नाही. शेवटी धूरवाल्यांना लावला. ते नऊला उठतात. सव्वानऊला उचलला, दहाला आले, रांगेतले सगळे खोकले. पण आले हो! एक शब्द बोलले नाहीत, दुभती नाही म्हणाले, काही नाही, अण्णांना हाताला धरून गाडीत बसवलं. मग त्यांची गाडी दोनदा तापली. दोनदा पाणी घातलं. मी हॉस्पिटलात फोन करत होतो, आम्ही येतोय, आम्ही वाटेत आहोत. पलीकडची बाई म्हणायची, "सर एकपर्यंत आहेत हं."

दोन वाजता पोचलो. ती बाई टेबलामागे डबा उघडत होती. म्हणाली, "सर गेले. पुढच्या महिन्याची तारीख देऊ?" काय आवाज होता, मला नक्कलसुद्धा करता येत नाही त्याची. इतका साधा. अण्णा म्हणाले, "द्या." आणि मान वर करून छताकडे बघत राहिले. म्हटलं, काय बघताय? म्हणाले, "दिवे चालू आहेत." होते. सगळे चालू होते.

घरी आलो. गाडी टोचन करून आणली. गाडी दारात. वायर लावलेली. संध्याकाळी मेसेज आला, "आपल्या सहभागामुळे काल गावातला एकही फीडर बंद करावा लागला नाही." अण्णांनी तो दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा मी आवाज काढला नाही. साधाच वाचला.

त्या महिन्यात उजवा डोळा गेला. पुढच्या तारखेला डावा केला, बोटभर रुंदीचं दिसतं, समोरचं तेवढं. मी सर्जनला विचारलं, त्या दिवशी पोचलो असतो तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित वाचला असता, कदाचित नसता." कदाचित! माणसाला एक तर बोल लावायला जागा द्यावी, नाहीतर मोकळं सोडावं. हे कदाचित घेऊन मी रोज दुकानात जातो, लोकांच्या काचा घासतो. रोज वाटतं, मी तो मेसेज वाचलाच नसता तर? किंवा नुसता वाचला असता, आवाज न काढता, तर अण्णांना वाटलं असतं का की हा हसण्यावारी नेतोय, आपणच उठायला हवं? अण्णांना विचारायची हिंमत नाही. ते कधी विषयही काढत नाहीत. संध्याकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट, खुर्ची, "एकोणीस वाजले. घेतायत." आणि मग मला एकच प्रश्न, रोज. "दिवे आहेत ना सगळीकडे?" मी म्हणतो, आहेत. ते म्हणतात, "मग झालं."

मी मात्र त्यानंतर मूठ डावीकडे बांधून ठेवली. सुतळीने. अण्णांना सांगितलं, मुठीला हात लावू नका, आता कंपनी तिकडूनच घेते. खोटं बोललो. पेटी भरतानाही गुणगुणतेच, म्हटलं यांना काय कळणार. आता कधीही निघायची वेळ आली तर गाडी भरलेली हवी, बस.

आणि परवा. संध्याकाळ. अण्णा दारात, मी बाजूला, आणि खट्. दिवे गेले, पंखा गेला, घर ठार काळं. मला काय सुचलं कोण जाणे, अण्णा म्हणाले, "दिवे आहेत ना?" आणि मी म्हटलं, "आहेत."

"मग पंखा का थांबला?"

"मी बंद केला. गारठा वाटतोय."

"उन्हाळ्यात?"

छत्तीस वर्षं ज्याने दिवे घालवले त्याच्यापासून मी दिवे गेल्याचं लपवायला निघालो होतो. आतून बायको म्हणाली, "अहो, गाडी भरलेली आहे ना? तिच्यातून घ्या की घराला!" बरोबर की! गाडी दारात, वायर लावलेली, पोटात नव्व्याण्णव टक्के! कंपनीला फोन लावला. तिकडून बाई म्हणाली, "क्षमा करा सर, लाइन बंद असताना गाडी वीज देत नाही. सुरक्षेसाठी. खांबावर कुणी काम करत असेल तर त्याला झटका बसेल." म्हटलं, अहो पण फक्त माझ्या घरापुरती? म्हणाली, "त्यासाठी वेगळी पेटी लागते, सर." मी ओरडणार होतो, तर अण्णाच म्हणाले, "बरोबर आहे तिचं. माझा एक लाइनमन असाच गेला." मी फोन ठेवला.

म्हणजे बघा. दिली तेव्हा बापाचा डोळा गेला, आणि ठेवून घेतली तर घरात अंधार. घामाने अंग चिकचिकायला लागलं, तसे आम्ही तिघं गाडीत जाऊन बसलो. तिच्यात तेवढा पंखा चालतो. आमची पहिली कौटुंबिक सहल. अण्णा पुढच्या सीटवर, पट्टासुद्धा लावला. म्हणाले, "रस्त्यापलीकडे बघ. दिवे आहेत?"

बघितलं. होते. पलीकडे होते, वरच्या गल्लीत होते, खालच्या बाजारात होते. सगळीकडे लखलखाट.

"म्हणजे फक्त आपला फीडर गेलाय?"

"फक्त आपला."

अण्णा मागे रेलले. इतक्या दिवसांत एवढे मोकळे बसलेले मी त्यांना बघितले नव्हते. म्हणाले, "मग काळजी नाही. आपल्यातलाच कोणीतरी ड्यूटीवर आहे."

आणि मागच्या सीटवरून बायको, जी माझ्या आईला फक्त फोटोतून ओळखते, ती हळूच म्हणाली, "पोचला वाटतं कामावर."

मी खाली उतरलो, भिंतीपाशी गेलो, अंधारात चाचपडत ती सुतळी सोडली आणि परत येऊन स्टिअरिंगमागे बसलो. कुठे जायचं नव्हतंच कुणाला.